विद्यार्थ्यांच्या चित्रांतील एकांत

चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत तेराव्या-चौदाव्या वर्षापासून एक चित्र वारंवार भेटते. पाठमोरी एकटी आकृती, तिच्यासमोर पाणी किंवा लांब जाणारा रस्ता, वर मावळतीचे नारिंगी आकाश आणि कडेला पाने झडलेले झाड. पाहणाऱ्याला त्याचा अर्थ तत्काळ कळतो आणि अडचण तिथूनच सुरू होते. अर्थ इतक्या लवकर कळतो, कारण तो त्या कागदावर तयार झालेला नसतो. दिनदर्शिका, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि मोबाइलवर फिरणारे सुविचार यांतून तो आधीच ठरून आलेला असतो. एकट्या माणसाचे चित्र आणि एकांताचे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काढायला एक आकृती पुरते. दुसऱ्यासाठी आकृती आणि कागदाची कड, आकृती आणि दुसरी आकृती, वस्तू आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांच्यातले अंतर चित्रकाराला स्वतः ठरवावे लागते. एकांत त्या अंतरात असतो.

हे अंतर विद्यार्थ्याला कुठे सापडते, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर डोळ्यांसमोर ठेवले, तर त्याचे उत्तर बरेच स्पष्ट होते. पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखले जाणारे हे गाव कलेच्या नकाशावर नाही. एकांताची जी रूपे इथे रोज दिसतात, ती मात्र कोणत्याही सुविचाराच्या चित्रात सापडणार नाहीत.

चित्रात एकांत कसा बांधला जातो, हे आधी पाहायला हवे. चीनमधील दक्षिण सुंग काळातला चित्रकार मा युआन याच्या नावावर 1195 च्या सुमाराचे एक रेशमावरील चित्र आहे. हिवाळ्यातल्या तळ्यावर एका लहान होडीत बसून कोळी गळ टाकतो आहे. होडीभोवती लाटांच्या चारदोन बारीक रेषा आहेत आणि बाकीचे रेशीम कोरे. किनारा, झाड किंवा डोंगर काहीच काढलेले नाही. तरीही ती कोरी जागा पाहणाऱ्याला रिकामी वाटत नाही, तिथे पाणी आणि धुके दिसते. याचे कारण होडीच्या तिरकेपणात आहे. कोळी एका टोकाला बसून पुढे झुकला आहे, त्यामुळे दुसरे टोक किंचित उचलले गेले आहे. त्या एका झुकावाने कोऱ्या रेशमाला वजन येते. कोरी जागा आपोआप बोलत नाही, तिला बोलते करणारी एक नेमकी रेषा लागते. कागद मोकळा सोडला की एकांत झाला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे चित्र बराच वेळ पाहावे.

दुसरे उदाहरण जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख याच्या ‘समुद्राकाठचा साधू’ या चित्राचे. 1808 ते 1810 या काळात रंगवलेल्या या कॅनव्हासवर वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, वर समुद्राची काळी पट्टी आणि उरलेला बहुतेक सगळा भाग आकाश. साधू इतका लहान, की दुरून पाहताना तो निसटून जावा. पुढे अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत दिसले की फ्रीडरिखने समुद्रावर आधी जहाजे काढली होती आणि नंतर त्यांवर रंग चढवून ती नाहीशी केली. शिकणाऱ्यासाठी ही माहिती चित्राइतकीच मोलाची आहे. एकांत पहिल्या आराखड्यात नव्हता. जहाजे काढून पाहिल्यावर, ती नजरेला क्षितिजावर थांबवतात आणि साधूला सोबत देतात हे ध्यानात आले असावे, आणि मग ती गेली. असे गाळणे खूप काढून झाल्यानंतरच जमते. शाळेत मुलांना चित्र ‘भरा’ असे सांगितले जाते, कागद मोकळा राहिला की गुण कमी होतात. काढलेले पुसून टाकणे हेही चित्रकाराचे काम आहे, असे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

ही दोन्ही उदाहरणे मोकळ्या जागेची आहेत. मोकळी जागा म्हणजेच एकांत, असा समज त्यांवरून होऊ शकतो आणि भारतीय चित्रपरंपरा पाहिली तर तो टिकत नाही. आपल्याकडे एकांत बहुधा भरलेल्या चित्रात रंगवला गेला. रागमाला चित्रांतली तोडी रागिणी घेऊ. प्रियकरापासून दूर असलेली स्त्री वीणा घेऊन रानात उभी आहे आणि तिच्याभोवती हरणे जमली आहेत. राजस्थानात आणि डोंगरी राज्यांत या रागिणीची असंख्य चित्रे झाली. रागमालेची परंपरा दख्खनमध्येही सोळाव्या शतकापासून होती. या चित्रांत झाडे फुललेली असतात, पाणी वाहते असते, हरणे तिच्या तोंडाकडे पाहत असतात. सारी सृष्टी तिच्याकडे वळलेली आहे आणि जो हवा तो तिथे नाही. उणीव दाखवण्यासाठी इथे भरलेपणा वापरला आहे. या युक्तीत मोठे शहाणपण आहे. जी गोष्ट चित्रात नाही तिची जागा ठसठशीत करायची, तर बाकीचे सगळे जागच्या जागी असावे लागते.

अजिंठ्यात ही रीत त्याहून पुढे गेलेली दिसते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने पुस्तकात पाहिलेला असतो, पण पुस्तकात बहुधा तेवढाच चेहरा आणि हातातले कमळ छापतात. भिंतीवर मात्र त्याच्याभोवती गर्दी आहे. माणसे आहेत, झाडी आहे, खडकांचे कोनाकोनांचे आकार आहेत. त्या सगळ्यांपेक्षा त्याची आकृती मोठी आहे आणि त्याची नजर खाली झुकलेली आहे. तो कोणाकडे पाहत नाही. खाली वळलेल्या त्या पापण्यांमुळेच त्याच्याभोवती एक मोकळे वर्तुळ पडते, ते रंगवावे लागलेले नाही. त्याच लेण्यात महाजनक जातकाची कथा आहे. राजा वैराग्याच्या निश्चयाला आला आहे आणि त्याच्यासमोर नर्तिका नाचते आहे, वादक साथ करीत आहेत. राजाच्या मनात जे घडले, ते सगळ्या दरबाराच्या मध्यभागी घडले आहे. सोळाव्या लेण्यात नंदाची पत्नी, जिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले जाते, दासींच्या घोळक्यात कोसळते आहे. एक दासी तिला आधार देते, इतर काळजीने पाहतात आणि तिचे दुःख तिच्यापाशीच राहते. या तिन्ही ठिकाणी एकांताला जागा कमी आणि माणसे भरपूर आहेत. आधुनिक विद्यार्थ्याने एकांतासाठी माणसे हटवली. अजिंठ्याच्या चित्रकारांनी ती ठेवली. हा दुसरा मार्ग अधिक अवघड आणि मराठी माणसाच्या जगण्याला अधिक जवळचा आहे. एकत्र कुटुंबात, वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या माणसाला एकांत मिळतो तो माणसांच्या मधोमध.

अजिंठ्याचा विद्यार्थ्यांशी थेट संबंधही आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालवले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्याआधी मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याने 1840 च्या दशकापासून हेच काम जवळजवळ एकट्याने केले होते आणि त्याच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रतींपैकीही पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड 1896-97 मध्ये प्रसिद्ध झाले. अंधाऱ्या लेण्यात, मिळेल त्या उजेडात एकच झुकलेली पापणी पुन्हा पुन्हा उतरवणाऱ्या त्या मुलांना एकांताचा विषय कोणी दिला नव्हता. पण पापणी किती खाली आली म्हणजे नजर आत वळते, हे कळण्याचा त्याहून चांगला वर्ग दुसरा नव्हता.

विद्यार्थिदशेतच एकांताचा विषय हाताळून तो जन्मभर सोबत बाळगल्याचे भारतीय चित्रकलेतले सर्वांत लक्षणीय उदाहरण अमृता शेरगिल हिचे. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकत असताना, 1932 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी तिने ‘यंग गर्ल्स’ हे तैलचित्र रंगवले. पुढच्या वर्षी पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. एका खोलीत दोन मुली जवळजवळ बसल्या आहेत. एक नीट पेहराव केलेली, ताठ आणि आत्मविश्वासाने बसलेली. दुसरी अर्धवस्त्र, मोकळे सोनेरी केस चेहऱ्यावर आलेली. त्या मैत्रिणी असाव्यात, बोलत असाव्यात. तरी त्यांच्या नजरा भेटत नाहीत आणि चेहऱ्यावर आलेल्या केसांनी दुसरी मुलगी त्या खोलीतून निम्मी निघून गेली आहे. चित्रात जागा मोकळी नाही, रंग उदास नाहीत, कोणी रडत नाही. एका बटेने सगळे काम केले आहे.

भारतात परतल्यावर 1935 मध्ये तिने रंगवलेल्या ‘ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स’ या चित्राला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तीन मुली खांद्याला खांदा लावून बसाव्यात तितक्या जवळ आहेत, कपड्यांचे रंग उजळ आहेत आणि तिघींपैकी कोणीही कोणाकडे पाहत नाही. शरीरे जितकी जवळ, तितकी नजरांतली दूरता ठळक होते. 1936 च्या अखेरीस मुंबईतल्या प्रदर्शनानंतर शेरगिल अजिंठ्याला गेली आणि त्या भिंतींनी ती भारावली. ‘यंग गर्ल्स’ त्याआधीचे, म्हणजे गर्दीतल्या एकांताची समस्या तिने अजिंठा पाहण्यापूर्वीच विद्यार्थी म्हणून हाताशी घेतली होती. अजिंठ्यात तिला त्याच प्रश्नाचे जुने, मोठ्या भिंतीवर सोडवलेले उत्तर भेटले, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रज बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले, की एकटे राहण्याची क्षमता माणसात तयार होते ती कोणाच्या तरी सोबतीत. आई जवळ आहे आणि काही मागत नाही, अशा वेळी मूल आपल्या खेळात एकटे रमायला शिकते. हा विचार शेरगिलच्या तीन मुलींना लावून पाहिला, की त्या चित्रावर सरसकट चिकटवला जाणारा ‘दुःखी’ हा शब्द अपुरा वाटू लागतो. त्या मुली एकमेकींच्या जवळ आहेत म्हणूनच आपापल्या मनात निर्धास्त जाऊ शकत असतील. एकांतात हरवणे असते तसे निवांत होणेही असते आणि चांगले चित्र दोन्ही शक्यता उघड्या ठेवते. मावळतीच्या पाठमोऱ्या आकृतीत ही मुभा नसते. तिथे एकच भाव पक्का केलेला असतो.

आकृतीच न काढता एकांत रंगवण्याचा तिसरा मार्ग मराठी चित्रकाराने दाखवला. प्रभाकर बरवे (1936-1995) जे. जे. मध्ये शिकले, 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम केले आणि पुढे स्वतःची अशी एक वस्तुभाषा घडवली. घड्याळ, पान, शिंपला, चावी, रिकामी पेटी अशा साध्या वस्तू ते कॅनव्हासवर एकमेकींपासून सुट्या ठेवीत. त्यांच्यात कथा नसते, सावल्या नेहमीच्या नियमाने पडत नाहीत, आणि तरीही दोन वस्तूंमधली जागा ताणलेली जाणवते. ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला 1976 मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अवकाश आणि आकार यांविषयीचे त्यांचे चिंतन ‘कोरा कॅनव्हास’ या 1990 च्या मराठी पुस्तकात आहे. कलाशिक्षकाने वाचावीत अशी मराठीत जी थोडी पुस्तके आहेत, त्यांत ते वरचे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने बरव्यांचे महत्त्व असे, की मानवाकृती अजून हाताखाली आलेली नसतानाही एकांताचा अभ्यास करता येतो. एक तांब्या, एक खिळा आणि त्यांच्यामधली भिंत एवढ्यावर महिनाभर काम होऊ शकते.

शालेय पातळीवर मात्र या विषयाला फारशी जागा मिळत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचा चित्रकलेशी गंभीर संबंध येतो तो कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांतून, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशा प्रश्नपत्रिका असतात. या परीक्षांनी खेड्यापाड्यांत चित्रकला पोचवली, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. सिद्धेश्वरसारख्या गावातल्या मुलाला चांगला कागद आणि रंगपेटी मिळण्याचे निमित्तही अनेकदा हीच परीक्षा असते. पण स्मरणचित्राचे विषय बहुधा समूहाचे असतात: आठवडी बाजार, बस स्थानक, पाणवठा, मिरवणूक. माणसे कामात गुंतलेली दिसावीत, हालचाल दिसावी, अग्रभूमी आणि पार्श्वभूमी भरलेली असावी, अशी अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही. उलट अजिंठ्याचा धडा आठवला, तर बाजाराचे स्मरणचित्र हीच एकांताची उत्तम संधी ठरते. विकायला आणलेल्या भाजीमागे बसलेली आणि गिऱ्हाईक नसताना कुठेच न पाहणारी बाई त्या बाजारात असतेच. तिला चित्रात आणायला शिक्षकाने एकदा तरी सांगायला हवे. तसे सांगितले जात नाही म्हणून विद्यार्थ्याचे दोन तुकडे पडतात. परीक्षेसाठी तो पाठ केलेली गर्दी काढतो आणि स्वतःसाठी पाठ केलेला एकटेपणा. दोन्ही पाठ केलेलेच.

सिद्धेश्वरचा परिसर इथे उपयोगी पडतो. गोदावरीला मिळणारी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि येलदरीनंतर सिद्धेश्वरला पुन्हा अडवली जाते. 1968 च्या सुमारास पूर्ण झालेले हे मातीचे धरण सहा किलोमीटरांहून लांब आहे. त्याच्या भरावावर उभे राहिले की एका बाजूला पाण्याची आडवी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला शेते दिसतात, मधे भरावाची सरळ रेषा. चित्रकलेच्या भाषेत सांगायचे, तर निसर्गाने आणि अभियंत्यांनी मिळून इथे क्षितिजाचा एक कडक अभ्यास मांडून ठेवला आहे. डोंगराळ प्रदेशातल्या मुलाला इतकी लांब न तुटणारी आडवी रेषा रोज पाहायला मिळत नाही. ती कागदावर वर घ्यायची की खाली, हाच या परिसरातल्या चित्राचा पहिला निर्णय. रेषा वर नेली तर पाणी माणसावर चढून येते, खाली आणली तर फ्रीडरिखसारखे आकाश सगळे व्यापते आणि बरोबर मध्यात ठेवली तर चित्र थिजते. विद्यार्थी बहुधा मध्यात ठेवतात.

जलाशय वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्यानंतर काठोकाठ असलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत मागे सरकत जाते आणि बुडालेली जमीन वर येते. अशा उघड्या पडलेल्या जमिनीवर मराठवाड्यात ठिकठिकाणी गाळपेर केली जाते. पाणी होते तिथे काही महिने पीक उभे राहते आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जाते. भेगाळलेल्या गाळाचा पोत, पाण्याने सोडलेल्या पातळ्यांच्या एकाखाली एक रेषा, मधेच वर आलेला जुना बुंधा, हे सगळे रंगवण्यासारखे आहे. एकांताच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ही जागा कोणाची कायमची नाही. एकाच ठिकाणाहून, एकाच आकाराच्या कागदावर, दर महिन्याला पाण्याची कड रंगवणाऱ्या विद्यार्थ्याला बारा चित्रांत एकही माणूस न काढता निघून जाणे रंगवता येईल. मराठवाड्यातल्या जलाशयांवर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारा मासेमारही दिसतो. मा युआनच्या कोळ्याचा हा सख्खा नातलग. फरक इतकाच, की त्या तराफ्याचा पांढरा तुकडा पाण्यावर टोचल्यासारखा चमकतो, आणि जलरंगात तो पांढरेपणा वरून लावून चालत नाही. कागद आधीपासून राखून ठेवावा लागतो. चित्र सुरू करतानाच, सगळ्यात आधी, त्या माणसाची जागा कोरी ठेवायची आणि बाकीचे पाणी त्याच्याभोवतीने रंगवत यायचे. ही तांत्रिक गरजच विषयाचा अर्थ सांगते.

या भागातला दुसरा एकांत माणसांच्या हालचालीतून येतो. ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून होणारे स्थलांतर सर्वांना माहीत आहे, पण हिंगोली-परभणीच्या गावांतूनही दिवाळीनंतर नवराबायकोची जोडी, ज्याला त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, कारखान्यांच्या वाटेला लागते आणि उन्हाळा तोंडावर आला की परतते. मागे म्हातारी माणसे राहतात. काही मुले त्यांच्यापाशी, काही शाळांच्या हंगामी वसतिगृहांत राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. त्या काळात अशा गावांत ओळीने कुलूप लागलेली दारे असतात, न सारवलेल्या ओसऱ्या असतात, दोरीवर कपडे नसतात. मागे राहिलेल्या मुलासाठी हा मनाचा मूड नसतो. वर्षातले सहा महिने घर असे दिसते. इथला एकांत उचल, मजुरी आणि कोरडवाहू जमीन यांतून आलेला आहे. तो रंगवताना मावळत्या सूर्याची गरज पडत नाही. दुपारच्या सपाट उन्हात दाराला लावलेले कुलूप आणि त्याच्या शेजारच्या उघड्या दारात बसलेली आजी, एवढ्यात सगळे येते. दोन दारांच्या मधली भिंत किती रुंद काढायची, यावर ते चित्र उभे राहील किंवा पडेल. बाहेरून उसनी घेतलेली उदासी आणि गावातच पाहिलेला, ज्याचे कारण ठाऊक आहे असा एकांत, यांतला फरक अशा तपशिलांत कळतो. दुसऱ्या प्रकाराला विद्यार्थी बहुधा चित्राचा विषय मानतच नाही, कारण तो त्याला रोजचा असतो आणि चित्रात काहीतरी सुंदर यावे असे त्याला शिकवलेले असते. शिक्षकाचे पहिले काम ही समजूत सैल करण्याचे.

तिसरा एकांत कथेतला आहे. सिद्धेश्वरपासून जवळच औंढ्याचे नागनाथ मंदिर आणि याच जिल्ह्यात संत नामदेवांचे नरसी. नामदेव मंदिरासमोर कीर्तन करीत असताना त्यांना तिथून हटवले, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. देवळाच्या मागे असलेला नंदी त्या कथेचा पुरावा म्हणून दाखवला जातो. या प्रसंगाचे चित्र काढायला सांगितले, तर जवळजवळ सगळी मुले फिरलेले देऊळ, तेजोवलय आणि थक्क झालेले लोक काढतील. चमत्कार काढणे सोपे असते. पण त्याआधीचा एक क्षण कथेत आहे: हटवलेला माणूस देवळाच्या पाठीमागच्या भिंतीसमोर उभा आहे, दार पलीकडे आहे, आवाज पलीकडे आहे आणि तो गायला सुरुवात करतो. समोर फक्त दगडी भिंत. भिंतीला किती उंची द्यायची, नामदेवांना तिच्यापासून किती दूर ठेवायचे, त्यांची सावली भिंतीवर घ्यायची की नाही, हे प्रश्न सोडवताना एकांत, अपमान आणि श्रद्धा यांचे नाते विद्यार्थ्याला हातानेच उमगू लागते. भिंतीवरचे जुने कोरीवकाम काढण्याचा मोह आवरता आला, तर चित्र अधिक चांगले होईल.

अशी चित्रे समोर आल्यावर ती वाचायची कशी, हा नाजूक प्रश्न आहे. एकट्या आकृत्या काढणारे मूल दुःखी आहे, घरात काही बिघडले आहे, असा निष्कर्ष मोठी माणसे फार घाईने काढतात. गडद रंग वापरले की काळजी आणि पिवळा वापरला की समाधान, असले ठोकताळे हानिकारक आहेत. हळदीच्या या जिल्ह्यात पिवळा रंग मुलाला खळ्यावर वाळत घातलेल्या पिकामुळे सुचला असेल, आणि काळा त्याच्या शेतातल्या मातीमुळे. विषयाची निवड, रंगपेटीत शिल्लक असलेले रंग, नुकतेच पाहिलेले चित्र, हात किती तयार झाला आहे, अशी कितीतरी कारणे एका पाठमोऱ्या आकृतीमागे असू शकतात. चेहरा काढता येत नाही म्हणूनही आकृती पाठमोरी होते. मुलाच्या वागण्यात बदल दिसत असेल, तर शिक्षकाने त्याच्याशी बोलावे, घरच्यांना भेटावे. ते काम कागदावरून करू नये. आणि चित्राविषयी बोलताना चित्राविषयीच बोलावे: ही आकृती कडेच्या इतकी जवळ का घेतली, इथली जागा रंगवायची राहिली की राखली, हे झाड काढून टाकले तर काय होईल? अशा प्रश्नांनी विद्यार्थ्याचे खासगीपण अबाधित राहते आणि चित्र पुढे सरकते. एकांत हा विषय हाताळणाऱ्याचा एकांत राखला जाणे ही या शिक्षणाची पहिली अट आहे.

याच गोंधळाची दुसरी बाजू म्हणजे चित्रकाराचा एकांत आणि चित्रातला एकांत एकच मानणे. वासुदेव गायतोंडे (1924-2001) यांचे नाव इथे हमखास घेतले जाते. नागपूरला जन्मलेले आणि 1948 मध्ये जे. जे. ची पदविका घेतलेले गायतोंडे पुढे दिल्लीत फार कमी लोकांत मिसळून राहिले, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत राहिले आणि त्यांच्या कॅनव्हासवर शांततेचे थर दिसतात. या दोन गोष्टी जोडून एक सोपी कथा तयार होते: माणसांपासून दूर गेले की असे रंगवता येते. पण विद्यार्थिदशेत आणि त्यानंतरची काही वर्षे ते आकृतिप्रधान काम करीत होते, लघुचित्रांचा अभ्यास करीत होते, मुंबईत सहकाऱ्यांच्या सहवासात वाढत होते. आकार गाळत जाण्याआधी त्यांनी ते शिकून घेतले होते. दार लावून बसलेल्या नवशिक्याला गायतोंड्यांचा कॅनव्हास सापडत नाही. त्याला सोबत हवी असते, चांगली प्रदर्शने आणि प्रती पाहायला हव्या असतात, आणि हे लहान गावातल्या मुलाला मिळत नाही ही खरी अडचण आहे. सिद्धेश्वरच्या मुलासाठी अजिंठ्याची एक सहल दहा व्याख्यानांहून अधिक मोलाची ठरेल. ज्या रांगेतून त्याची नदी येते, तिच्याच दुसऱ्या अंगाला ती लेणी आहेत.

एकांतावरचे एकटे चित्र फार काही सांगू शकत नाही, त्याची मालिका सांगते. पहिल्या चारदोन चित्रांत ठरीव खुणा संपून जातात आणि त्यानंतर विद्यार्थ्याला खरोखर पाहावे लागते. म्हणून कलाशिक्षकाने या विषयावर एक चित्र मागू नये, आठदहा मागावीत आणि त्यांत एक गोष्ट कायम ठेवायला सांगावे. तीच ओसरी किंवा तीच पाण्याची कड चालेल, किंवा तीच खिडकी. कायम असलेल्या गोष्टीमुळे बदललेली गोष्ट दिसते. मालिकेत एखादे चित्र माणसांनी भरलेले असायलाच हवे: गावाकडे परतलेल्या कोयत्यांनी भरलेला ट्रॅक्टर, उघडलेली कुलपे, ओसरीवर पसरलेली बोचकी. त्या भरलेल्या चित्राशेजारी आधीची मोकळी चित्रे लावली, की त्यांतले अंतर पाहणाऱ्याला मोजता येते. मालिका थांबवायची वेळही ओळखता यावी लागते. तीच युक्ती, मग ती कडेला सरकवलेली आकृती असो वा राखलेला पांढरा ठिपका, न विचार करता हातातून उतरू लागली, की विषय संपून सवय सुरू झालेली असते.

शीर्षकांचा प्रश्न शेवटी येतो, पण तो किरकोळ नाही. शालेय प्रदर्शनांत ‘एकांत’, ‘विरह’, ‘प्रतीक्षा’ अशा चिठ्ठ्या चित्रांखाली लावलेल्या असतात आणि पाहणारा चिठ्ठी वाचून पुढे सरकतो. ‘माघ महिन्यातली ओसरी’, ‘सिद्धेश्वर, पाणी ओसरल्यावर’, ‘देवळाची मागची भिंत’ अशी साधी, ठिकाण आणि वेळ सांगणारी नावे दिली, तर त्याला चित्रापुढे थोडे थांबावे लागते.